बापाने विचारायचा प्रश्न

अकोनाय मार्ग्वे पंधरा दिवस गाडी चालवता चालवता एकच वाक्य घोकत होता. "पोरी, ही माणसं तुझ्या ओळखीची आहेत का?" मुलीला मागणी घालणारं पत्र घरी येतं, ते आणणारे दोघे वयस्कर मध्यस्थ 'तुमच्या अंगणात एक फूल पाहिलं' म्हणून बोलणं सुरू करतात, आणि मग मुलीला समोर बोलावून बापाने हे विचारायचं असतं. ती 'हो' म्हणेपर्यंत पत्राला कुणी हात लावायचा नाही. काम एवढंसंच, पण बापाचं. करातूच्या घरी शनिवारी दुपारी दोनला माणसं येणार होती.

पंचवीस वर्षं तो परक्या लोकांना जनावरं दाखवत आला होता. मोठ्या पावसाचे दोन महिने सोडले, तर घर त्याला वाटेत लागायचं, मुक्कामाला नाही. लेक पास्कालिना पहिलं पाऊल टाकत होती तेव्हा तो मारा नदीच्या काठी होता. तिला शाळेत बक्षीस मिळालं तेव्हा न्गोरोंगोरोच्या विवरात, गेंड्यापाशी. घरी आला की त्याची बायको यासिंता विचारायची, "काय पास्कालिनाचे बाबा, या खेपेला कुणाचं बाळंतपण केलंत?" तो हसायचा आणि खरंच सांगायला लागायचा. कुठल्या सिंहिणीला किती पिल्लं, कुठल्या कळपात कोण मेलं. मायलेकी घेवडा निवडत ऐकून घ्यायच्या.

त्या शनिवारची आखणी मात्र त्याने नीट केली होती. पाहुणे डेन्मार्कचे, म्हातारे नवरा-बायको, येन्स आणि बिरगिट. सकाळी न्दुतूच्या माळावर शेवटचा फेरा, दहाला निघायचं, दीडपर्यंत त्यांना करातूच्या हॉटेलात सोडायचं. आदल्या दिवशी जेवताना त्याने त्यांना कारणही सांगितलं. बिरगिटने टाळ्या वाजवल्या होत्या.

साडेसातला त्याला ती चित्त्याची मादी दिसली. वारुळाच्या उंचवट्यावर ताठ बसलेली, खाली गवतात तीन पिल्लं. ती स्वतः पिल्लू होती तेव्हापासून तो तिला ओळखत होता. पोट पाठीला लागलं होतं. दोन दिवस तरी काही मिळालेलं नसावं. पलीकडे विल्डबीस्टांचा कळप, त्यात आठवड्याभरात जन्मलेली, पाय फाकवून चालणारी वासरं.

"आज ही उठणार," त्याने पाहुण्यांना सांगितलं आणि इंजिन बंद केलं.

गाडीतला वायरलेस खरखरला. पाहुणे घरूनच जनावरांची स्वाहिली नावं पाठ करून येतात, म्हणून ड्रायव्हर लोक आपसांत दुसरीच नावं वापरतात. सिंह म्हणजे मिशाळ, चित्ता म्हणजे सडपातळ.

"अकोनाय भाऊ, सडपातळ बाई उठल्या का?" पलीकडे कमारा होता. त्याची गाडी तळ्याकडे होती.

"बसल्यात."

"आणि तू? तुझ्याकडे आज पत्र यायचंय ना? व्याही दारात आणि सासरेबुवा झुडपात, असं नको व्हायला!"

"निघतोच आहे रे."

दहा वाजता बिरगिटने मागून त्याच्या खांद्याला हात लावला. "तुमच्या लेकीचं आहे ना आज? चला, निघू या. आम्ही पुष्कळ पाहिलं."

"दहा मिनिटं," तो म्हणाला. थाप नव्हती. मादीचे कान पुढे आले होते. ती चार पावलं उतरली, कळप सरकला, ती पुन्हा बसली.

अकरा वाजले. येन्स तोंडावर टोपी ठेवून झोपला. बिरगिट म्हणाली, "आमच्यासाठी नका थांबू हं, खरंच."

त्याने ऐकलं. तो त्यांच्यासाठी थांबलाच नव्हता. किल्ली हाताशी होती, रस्ता मोकळा होता. पण या मादीचा कान हलला की त्याचा अर्थ त्याला ठाऊक होता. पास्कालिनाने त्या प्रश्नावर मान खाली घातली असती, तर ती लाज की नकार, हे त्याला कळलं नसतं. चार माणसांत, बाप असून. किल्लीकडे हात गेला की तेच मनात यायचं, आणि तो दुर्बीण उचलायचा.

बारा वीसला ती उठली. पळाली म्हणावं तोवर संपलंही. धूळ बसली तेव्हा वासरू तिच्या तोंडात होतं आणि पिल्लं धडपडत तिच्याकडे धावत होती. बिरगिटच्या डोळ्यांत पाणी आलं. अकोनायने घड्याळ पाहिलं आणि गाडी सुरू केली.

विवराच्या कडेला चढल्यावर मोबाइलला रेंज आली आणि खिशात एकामागून एक निरोप वाजले. सगळे यासिंताचे. 'कुठवर आलात?' 'माणसं आलीत.' 'चहा दिलाय.' 'अजून किती?' 'तारमो भाऊजींना बोलावलंय.' शेवटचा होता, 'सावकाश या.'

पाहुण्यांना सोडून तो घरी पोचला तेव्हा साडेचार झाले होते. अंगणात बाकं रिकामी होती. त्याचा धाकटा भाऊ तारमो कोटाची बटणं सोडून बसला होता.

"या, सासरेबुवा या!" तारमो ओरडला. "दादा, मी तुझ्याऐवजी विचारलं बरं का. आवाजसुद्धा तुझ्यासारखा जाड काढला. म्हातारे खूश!"

"आणि पत्र?"

"उघडलं की. उत्तरही दिलं." तारमोने बशीतलं फोडलेलं पाकीट पुढे सरकवलं. "देण्याघेण्याची बैठक पुढच्या महिन्यात, तिसऱ्या शनिवारी. तू असशील ना?"

अकोनाय तोंड उघडणार, तेवढ्यात यासिंता कप गोळा करता करता म्हणाली, "तुम्ही आहात ना भाऊजी. मग झालं." आवाजात राग नव्हता. पाणी आणायला कोण जाणार, हे ठरवावं तसं ती बोलली होती.

तो स्वयंपाकघरात गेला. पास्कालिना नव्या पोशाखावर जुनं कापड गुंडाळून चुलीपाशी बसली होती. तिने मका-घेवड्याची थाळी त्याच्या हातात दिली.

"पोरी," तो उभ्याउभ्याच म्हणाला, "ही माणसं तुझ्या ओळखीची…"

"बाबा, ते झालं." ती किंचित हसली. "बसा, जेवा."

तो बसला. दोन घास खाल्ल्यावर म्हणाला, "मुलगा कोण?"

"सुल्ले. म्बुलूचा. औषधाच्या दुकानात आहे. तिघे भाऊ, हा मधला." ती सावकाश सांगत होती, मध्येमध्ये थांबून त्याच्याकडे बघत होती. "बोलतो कमी. गेल्या ईस्टरला आपल्याकडे जेवला होता."

"मी नव्हतो तेव्हा?"

"होतात की. तुमच्या समोरच बसला होता."

अकोनायने आठवून पाहिलं. त्या दिवशी कोंबडी होती, पाऊस होता, आणि आपण हत्तीच्या दोन बहिणींची गोष्ट सांगत होतो, एवढं आठवलं.

"मधला म्हणालीस ना?" त्याने विचारलं.

"हो, मधला," पास्कालिना म्हणाली. त्याच्या थाळीत आणखी एक डाव वाढून तिने पुन्हा पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.