मशीनताई आणि चौथा खण

पाणीपुरवठा खात्याच्या संगणक विभागात तिला सगळे मशीनताई म्हणायचे. नव्या माणसाला वाटायचं, मेनफ्रेमवर, म्हणजे खात्याच्या मोठ्या संगणकावर, काम करते म्हणून. खरं कारण वेगळं होतं. खुर्चीत बसली की तिचा उजवा पाय शिलाई मशीन चालवल्यासारखा हलायचा. समोरच्या कारकुनाने शेवटी टेबलाच्या पायाखाली पुठ्ठ्याची घडी सारली होती.

"ताई, आज काय शिवताय?"

"तुझं तोंड," ती म्हणायची.

त्या दिवशी पाय जास्तच हलत होता. अण्णांच्या, म्हणजे तिच्या वडिलांच्या, डोळ्याची पट्टी दुपारी निघणार होती. ऑपरेशनला नेताना त्यांनी बजावलं होतं, "पट्टी काढताना समोर तू हवीस. डॉक्टरांचं तोंड बघायला मी डोळा उघडणार नाही." आणि नेमका त्याच सकाळी बिलांचा प्रोग्रॅम नव्या पद्धतीत पहिल्यांदा सगळ्या ग्राहकांवर चालवला, आणि तो आपटला.

प्रोग्रॅम सी भाषेतला, तिनेच तरुणपणी लिहिलेला. त्या वेळच्या यंत्रात मेमरीतला पत्ता ठेवायला चार खण, म्हणजे चार बाइट, मिळत, पण पत्ता तीनच खणांत मावे. चौथ्याकडे यंत्र बघतही नसे. जागेची तेव्हा इतकी टंचाई, की रिकामा खण कुणाला सोडवत नसे. ग्राहकाचा मीटर बंद असेल, तर त्याच्या नोंदीकडे नेणाऱ्या पत्त्याच्या चौथ्या खणात ती एक खूण ठेवून द्यायची. सगळेच असं काही ना काही ठेवत. नव्या पद्धतीत यंत्र चौथा खणही वाचतं. खूण पत्त्यातच धरली जाते आणि प्रोग्रॅम भलत्याच ठिकाणी जाऊन धडकतो. आधीच्या चाचणीत बंद मीटरवाला एकही ग्राहक नव्हता, म्हणून सगळं सुरळीत वाटलं होतं.

कारण तिला लगेच कळलं. पण ती खूण प्रोग्रॅममध्ये जागोजागी होती. उपसून काढायला दोन-तीन दिवस तरी हवे होते.

"जुन्या पद्धतीतच चालव ना," साहेब म्हणाले. "एका ओळीचं तर काम."

"नव्या वस्त्या जोडल्या की जुन्या पद्धतीत मेमरी पुरणार नाही, साहेब."

"तेव्हाचं तेव्हा. बिलं उद्या निघायला हवीत."

फोन वाजला. भाऊ होता. "ताई, डॉक्टर खालच्या मजल्यावर आलेत. निघालीस का?"

तिने ती एक ओळ बदलली, प्रोग्रॅम संध्याकाळी चालवायला लावून दिला, पर्स उचलली आणि जिन्यावरून धावत सुटली.

वॉर्डात पोचली तेव्हा नर्स ट्रे मांडत होती. ती कॉटशेजारच्या स्टुलावर टेकली आणि पाय कॉटच्या दांडीवर ठेवला.

"आली," पट्टीखालून अण्णा म्हणाले. "कॉट हलायला लागली."

नर्स हसली. डॉक्टर आले, पट्टी निघाली. अण्णांनी डोळा किलकिला केला, तिच्याकडे बराच वेळ पाहिलं. "केस पिकले की गं तुझे." मग म्हणाले, "काय अर्धवट टाकून आलीस?"

तिने सांगितलं. अण्णांचा जन्म घड्याळं दुरुस्त करण्यात गेला होता.

"काडी अडकवून चालू केलंस म्हणायचं."

"तात्पुरतं."

"मीही तसंच म्हणायचो. एकदा चालायला लागलं की गिऱ्हाईक घड्याळ आणतंय कशाला? आणलं तर पार मोडूनच."

कॉट हलत राहिली. मग उठून खिडकीशी गेली आणि साहेबांना फोन लावला.

"साहेब, ते संध्याकाळचं थांबवा. मी नव्या पद्धतीसाठीच दुरुस्त करते. बिलं उशिरा निघतील."

"वर काय सांगू मी?"

"माझ्यामुळे उशीर झाला, म्हणून सांगा."

साहेब पलीकडून एवढंच म्हणाले, "बरं. पण लवकर ये."

ती परत येऊन बसली. पाय दांडीवर होता, पण स्थिर.

अण्णांनी मान वळवली. "काय गं, बरं नाही का तुला?"

"बरी आहे."

"मग हालचाल कर. जा कामाला. मला दिसतंय आता."

भावाने तिची पर्स पुढे केली. ती घेईपर्यंत कॉट पुन्हा हलू लागली होती.