पाळकीणबाईंचा अओरिस्ट

“थांबा. हे झालं, की होतंय?” चहा उतू जात असला, तरी पाळकीणबाई आधी हे विचारायच्या आणि मग गॅस बंद करायच्या.

पाळकांच्या बदल्या होतात, तशी यांच्या नवऱ्याची शिरूरला झाली आणि त्या आमच्या चर्चच्या मंडळीत आल्या. अंगानं काडी, बोलणं सावकाश. सेमिनरीत दोघं बरोबरच ग्रीक, म्हणजे नव्या कराराची मूळ भाषा, शिकले होते. पाळकसाहेब ते विसरले, या विसरल्या नव्हत्या. तुम्ही म्हणाल, आमच्या शिरूर-घोडनदीत ग्रीक कशाला? मीही तेच म्हटलं होतं.

बायकांची बुधवारची सभा तोवर मी चालवायचे. दोन गाणी, बायबलचं वचन, साक्षी, प्रार्थना, चहा. तासाभरात सगळ्या घरी. मी शाळा चालवलेली बाई. मला घड्याळ कळतं.

साक्षीही ठरलेल्या असायच्या. शांतामावशी उठून सांगायची, देवाच्या कृपेनं मालकांची दारू सुटली. आम्ही आमेन म्हणायचो. पाळकीणबाईंनी पहिल्याच सभेत तिला विचारलं, “मावशी, सुटली, की सुटतेय? ग्रीकमध्ये हे आधी ठरवावं लागतं, मग क्रियापद.”

मावशी म्हणाली, “सुटतीय बाई. रोज सुटती. रांजणगावला कंपनीत पगार झाला की पुन्हा धरत्यात.”

बायका हसल्या, आणि हसता हसता मावशीबरोबर रडल्या. इतक्या वर्षांत माझ्यापुढं ती हे कधी बोलली नव्हती. त्या दिवशी सभा अंधार पडेपर्यंत चालली.

पुढं वचन सांगायचं त्यांच्याकडेच गेलं. ठराव वगैरे कुणी केला नाही. बायकांनी खुर्च्याच त्यांच्याकडे तोंड करून मांडल्या. गाणी तेवढी माझ्याकडे ठेवली.

मी सोडणारी नव्हते. मोबाइलवर व्हिडिओ बघून ग्रीक सुरू केलं. पोळ्या लाटताना क्रियापदं घोकली. अओरिस्ट हा ग्रीकमधला एक काळ. व्हिडिओतला माणूस म्हणाला, जे एकदाच घडून कायमचं मिटलं, ते त्यात सांगतात. मला हा काळ फार आवडला. पुढच्या बुधवारी मी उठले आणि त्यांच्याकडे बघूनच सांगितलं, “आजच्या वचनात क्षमेचं क्रियापद अओरिस्टमध्ये आहे. म्हणजे क्षमा एकदाच करायची, विषय संपला.”

“बाईंनी कष्ट घेतलेत,” त्या म्हणाल्या. बस्स, एवढंच.

सभेनंतर कपबश्या विसळताना मात्र शेजारी येऊन उभ्या राहिल्या.

“बाई, अओरिस्ट ‘एकदाच’ असं म्हणत नाही. एसटीतून पुलावर आलं की नदी दिसते ना, या काठापासून त्या काठापर्यंत अख्खी? किती वेळ वाहतेय ते दिसत नाही. तसा तो. पाण्यात उतरून चालायचं असेल, तर दुसरा काळ घ्यावा लागतो.”

“मग मगाशीच का नाही बोललात?”

“मगाशी तुम्ही उभ्या होतात.”

चारचौघींत चूक काढली असती, तर मला भांडता तरी आलं असतं. तीही सोय त्यांनी ठेवली नाही. शिवाय ही नदी जन्मापासून माझी, आणि ती सुचली त्यांना.

मग मी शनिवारी त्यांच्याकडे प्रश्न घेऊन जायला लागले. कुठं तरी अडतीलच, असा हिशोब. कधी अडायच्या, आणि “हे मला येत नाही, बसा, बघू या,” म्हणून खुशाल माझ्यासमोर जाडा शब्दकोश उघडायच्या. कोशाचं एक पान त्यांच्याकडे, एक माझ्याकडे. संध्याकाळ कशी जायची कळायचं नाही.

त्यांची दौंडला बदली झाली आणि सभा माझ्याकडे परत आली. वेळेवर सुरू होते, वेळेवर संपते.

गेल्या महिन्यात भाचीकडे दौंडला गेले, तशी त्यांच्या सभेतही डोकावले. त्या सतरंजीवर बसल्या होत्या. त्यांच्या गुडघ्याला गुडघा लावून एक रेल्वेवाल्याची ठसठशीत बायको वाद घालत होती. “न्हाई पाळकीणबाई, मला न्हाई पटत. पुन्हा सांगा.” आणि या खळखळून हसत होत्या. शिरूरला इतकं हसताना मी त्यांना पाहिलं नव्हतं.

मला बघून म्हणाल्या, “या बाई, बसा. या आमच्या शिरूरच्या. फार बारीक प्रश्न विचारतात.”

मी मागं भिंतीपाशी बसले. पर्समध्ये प्रश्न तयार होता. त्यांनी “कुणाला काही विचारायचंय?” म्हणेपर्यंत धीर धरला. मी पर्स उघडणार, तेवढ्यात त्या रेल्वेवाल्याच्या बायकोनं तोच जाडा शब्दकोश पुढचं पान उलटून त्यांच्या मांडीवर ठेवला, आणि दोघींची डोकी त्याच्यावर वाकली.