माळवदासाठी राखलेला दात

पुनावळ्याच्या त्या सोसायटीत भाग्यश्रीला ओळखतात ते तिच्या भाकरीमुळे. चाकणच्या कंपन्यांत कामाला असलेली नांदेड-लातूरकडची पोरं तिच्या डब्यावर राहतात. डबा हातात देताना ती हमखास विचारते, "घरी फोन केलास का? आई बरी आहे ना?" पोरं वैतागतात. मुखेडचा समाधान तर एकदा म्हणालाही, "काकू, डबा देताय की हजेरी घेताय?"

तीही हसली. पण विचारायची सवय काही जाईना. ज्या लेकीला, दिव्याला, विचारायचं ती डेहराडूनला होती आणि फोन उचलेलच याचा भरवसा नव्हता.

दिव्याचं कामच वेगळं होतं. हिमाचलातल्या एका उंच खोऱ्यात रस्ता रुंद करताना जुनी थडगी उघडी पडली होती, दोन हजार वर्षांपूर्वीची. त्या माणसांच्या दातांवरून ती कुठे जन्मली आणि कुठून चालत वर आली, हे दिव्या आणि तिचे सर शोधत होते. हे ऐकून भाग्यश्रीचा नवरा नवनाथ म्हणाला होता, "दात बघून जनावराचं वय सांगणारे आमच्या बाजारात लई होते. गाव सांगणारी आमचीच पोरगी निघाली."

भाग्यश्री देगलूरच्या कॉलेजात बी.ए. झालेली, पण शास्त्र दहावीलाच सुटलेलं. दिव्यानं तिला व्हिडिओ कॉलवर समजावलं होतं. "आई, खडकात स्ट्रॉन्शियम नावाचा एक धातू असतो. खडक झिजला की तो मातीत येतो, मातीतून पाण्यात आणि धान्यात, तिथून आपल्या अंगात. त्याचे हलके-जड प्रकार असतात, त्यांना आयसोटोप म्हणतात. प्रत्येक खडकात त्यांचं प्रमाण वेगळं. लहानपणी दात घडतो तेव्हा ते प्रमाण दाताच्या कवचात बसतं, आणि मग माणूस कुठंही जाऊ दे, ते बदलत नाही."

"म्हणजे लहानपणी प्यालेलं पाणी दात विसरत नाही."

"हां. तसंच समज."

मग दिव्यानं त्या थडग्यातल्या एका बाईबद्दल सांगितलं. तिची पहिली दाढ खालच्या खोऱ्यातल्या पाण्यावर घडलेली, अक्कलदाढ मात्र वरच्या. म्हणजे पोरवयात कधीतरी ती घाट चढून वर गेली आणि वरच मेली.

"आणि तिची आई?" भाग्यश्रीनं विचारलं.

"आईचं काय?"

"ती खालीच राहिली का गं?"

"आई, ते दातात नसतं," दिव्या म्हणाली.

दिव्या घरी येऊन गेली त्याला आता वर्ष होत आलं होतं. मागच्या गौरींना आली होती. यंदा दिवाळीनंतर ती त्या उंच खोऱ्यात राहायला जाणार होती, थडग्यांच्या जागेपाशीच. बर्फ पडलं की रस्ता बंद होतो आणि तो थेट उन्हाळ्यात उघडतो. दिवाळीला येशील ना, असं विचारलं की उत्तर एकच यायचं, "बघते, जमलं तर." त्या 'जमलं तर'वर भाग्यश्री दिवस काढत होती. फराळाचं सामान कधी भरायचं, याचा विचार तिनं श्रावणातच सुरू केला होता.

श्रावणातच एक दिवस दिव्याचाच फोन आला. आपण होऊन. भाग्यश्रीचे हात पिठाचे होते, तसाच उचलला.

"आई, माझा एखादा दुधाचा दात आहे का गं घरात?"

थडग्यातले दात फार खरवडता येत नाहीत. अगदी कणभर कवचात भागेल अशी नवी पद्धत ती बसवत होती, आणि ती आधी अशा दातावर तपासायची होती ज्याची सगळी हकिकत माहीत आहे. स्वतःची काढलेली अक्कलदाढ तिच्याकडे होती. ती चाकणजवळच्या निघोज्यातल्या पाण्यावर घडलेली, काळ्या खडकातल्या. दुधाचा दात मात्र देगलूरजवळच्या त्यांच्या गावातला हवा होता. तिथला खडक निराळा. हत्तीएवढ्या गोलसर दगडांचं ते रान, ग्रॅनाइटचं. दिव्या तिथं जन्मली आणि दोन वर्षांची होऊन निघोज्याला आली.

"आहे," भाग्यश्री म्हणाली. "माझ्याकडे आहे."

तो का होता, याची एक गोष्ट आहे. त्यांच्या गावी लेकराचा दात पडला की शेणाच्या गोळीत घालून घराच्या माळवदावर, त्या मातीच्या सपाट छतावर, टाकायचा. म्हणजे नवा दात नीट येतो. दिव्याचा पहिला दात पडला तेव्हा ते निघोज्यात मंजुळाबाईंच्या पत्र्याच्या खोलीत भाड्यानं राहत होते. मंजुळाबाई जुन्या बागायतदार घरातल्या. गोठा दारातच होता. त्यांनी शेण आणून दिलं आणि म्हणाल्या, "टाक की पत्र्यावर."

भाग्यश्रीनं दात पदराच्या गाठीत बांधला. "नको मावशी. गावी जाऊ तेव्हा टाकू."

"का गं? आमचा पत्रा बाटलाय व्हय? भाडं देतीस, आन् दात न्हाई द्यायचा?"

"तसं नाही मावशी."

"मग कसं? सांग की."

तिला सांगता आलं नव्हतं. नवा दात मागायचा तो आपल्या छपराकडे, असं तिला वाटायचं. इथं काय, चार दिवसांसाठी आलोय. ते चार दिवस सरलेच नाहीत. धाकटा सार्थक निघोज्यातच जन्मला. दोन्ही लेकरांचे दात ती कुंकवाच्या पितळी डबीत साठवायची आणि मे महिन्यात गावी नेऊन सासूबाईंच्या हातात द्यायची. मग सासूबाई गेल्या. पुढच्याच पावसाळ्यात ते माळवद बसलं आणि घर पडलं. डबीत दोन दुधाच्या दाढा उरल्या, एक दिव्याची, एक सार्थकची. त्या कुठं टाकायच्या हे तिला कळेना, म्हणून राहिल्या.

आता तिनं डबी उघडली. दोन्ही दाढा कुंकवानं लालसर झालेल्या. तिनं त्या धुतल्या आणि खिडकीपाशी नेऊन निरखल्या. दिव्या मोठी, म्हणजे मोठी दाढ तिचीच, असं धरून तिनं मोठी उचलली. औषधाच्या रिकाम्या बाटलीत कापूस घालून ती बसवली. कुरिअरवाल्यानं विचारलं, "ताई, आत काय आहे?"

"दात."

त्यानं तिच्या तोंडाकडे पाहिलं. "तुमचा?"

"नाही हो, लेकीचा. तिलाच पाठवायचाय."

त्यानं बाटली पाकिटात घातली आणि पावती फाडली.

गणपती गेल्यावर दिव्याचा फोन आला. सगळे जेवायला बसलेले. भाग्यश्रीनं फोन स्पीकरवर टाकला.

"आई, हा दात कुणाचाय?"

"कुणाचा म्हणजे? तुझाच."

"माझा नाही. माझा पूर्ण देगलूरचा यायला हवा. हा अधलामधला आलाय. थोडा निघोज्याचा, थोडा गावचा. आधी वाटलं माझंच चुकलं, म्हणून पुन्हा तपासला. परत तेच."

भाग्यश्रीच्या हातातली भाकरी हातातच राहिली. दुधाचे दात आईच्या पोटातच घडायला लागतात, आणि सार्थक पोटात असताना ती निघोज्याच्या बोअरचं पाणी पीत होती, पण ज्वारी गावची खात होती. सासूबाई ट्रॅव्हल्सच्या टपावरून पोतं पाठवायच्या. इथल्या भाकरीला चव नाही म्हणून तिनं कितीतरी वर्षं दुसरी ज्वारी घरात येऊ दिली नव्हती.

"अगं बाई," ती म्हणाली. "सार्थकचा गेला."

सार्थक ठसका लागेपर्यंत हसला. "वा रे वा! मी अजून लोणावळ्याच्या पुढं गेलो नाही, माझा दात हिमालय बघून आला."

"गावी चार दिवस कधी राहिला नाहीस," दिव्या म्हणाली, "आणि दातात गाव घेऊन फिरतोयस."

हसणं ओसरल्यावर दिव्या म्हणाली, "आई, दुसरा पाठव ना. आठवड्याभरात मिळाला तर बरं."

भाग्यश्रीच्या तोंडून निघून गेलं, "नाही पाठवणार. दिवाळीला ये आणि घेऊन जा."

मग दिव्याचा बारीक आवाज आला, "आई, तू मुद्दाम केलंस का?"

"देवाशपथ नाही गं."

"बरं," दिव्या म्हणाली आणि फोन ठेवला.

नवनाथनं ताटातच हात धुतला. "दातासाठी लेकराला अडवायलीस का?"

"मी कुठं अडवतेय? ये म्हणतेय."

"तेच."

पुढचे दिवस वाईट गेले. दिव्या रुसली नव्हती. 'जेवले' म्हणून रोज मेसेज करायची, दाताचं नाव काढत नव्हती. तेच भाग्यश्रीला लागायचं. डबी आता तिनं देवाजवळून काढून उशाशी ठेवली होती. त्या खालच्या खोऱ्यातल्या आईचा विचार मनात यायचा. तिच्याजवळ अडवायला काही होतं का? आणि असतं, तर पोर थांबली असती का?

एका संध्याकाळी समाधान डबा न्यायला आला. तिनं सवयीनं विचारलं, "दिवाळीला गावी जाणार ना? आईनं बोलावलं असेल."

"ती बोलावतच नाही काकू. म्हणती, जमलं तर ये, नाहीतर काम बघ." त्यानं डब्याची कडी लावली. "तसं म्हणली ना, की जिवाला लई ओढ लागती. ये ये म्हणली असती तर कवाच टाळलं असतं."

दुसऱ्या दिवशी भाग्यश्री डबी घेऊन कुरिअरवाल्याकडे गेली. तो म्हणाला, "परत दात?"

"परत," ती म्हणाली.

दिव्याचा मेसेज आला, "मिळाला." काही दिवसांनी दुसरा, "देगलूर. अगदी बरोबर देगलूर." त्याखाली हसणारा चेहरा होता. दिवाळीला मात्र ती आली नाही. घाटात लवकर बर्फ पडणार असा अंदाज होता, त्यांना घाईनं वर जावं लागलं. भाग्यश्रीनं करंज्या आणि शंकरपाळे पाठवले. ते दिव्या निघायच्या आदल्या दिवशी पोचले, एवढाच दिलासा.

मग बरेच दिवस फोन नाही. लागतच नव्हता. भाग्यश्री येता-जाता फोन उचलून बघायची, रेंज पुनावळ्यातच गेलीय की काय म्हणून. सोसायटीत टँकर आला, पोरं डबे घेऊन गेली, आणि एका रविवारी दुपारी तो वाजला.

"आई, ऐकू येतंय का? इथं एकाच घराच्या वर रेंज मिळते. मी छपरावर चढलेय."

"स्वेटर घातलायस का?"

"दोन घातलेत. ऐक ना. तो दात सगळा लागला नाही, कणभरच घेतला. बाकीचा माझ्या खिशात आहे."

"बरं," भाग्यश्री म्हणाली.

"आई, इथली घरं उतारावर एकाखाली एक आहेत. मी ज्या घरात राहते ते बरोबर खाली दिसतंय मला." वाऱ्यानं आवाज तुटत होता. "आणि इथं सगळी माळवदं आहेत गं. मातीची. आजीच्या घराची होती तशी. टाकू का?"

भाग्यश्री ओट्याला टेकली. निघोज्याचा पत्रा आठवला, मंजुळाबाईंचं तोंड आठवलं. परक्याचं छप्पर, असं म्हणत तिनं इतकी वर्षं काढली होती. त्याच परक्या छपराखाली लेकरं वाढली आणि लेक दूर गेली. नको, तो घेऊन ये, हे शब्द तिच्या अगदी जिभेच्या टोकावर आले होते. पण आणून तरी कुठं टाकणार? सोसायटीच्या गच्चीवर?

"शेण आहे का तिथं?" तिनं विचारलं.

"याकचं आहे," दिव्या हसली. "गोळी केलीय मी."

"मग टाक. पण फोन ठेवू नकोस."

भाग्यश्रीनं फोन कानाशी घट्ट धरला. आधी वाऱ्यात दिव्याचा श्वास ऐकू आला, मग नुसता वारा. पत्रा असता तर ठण्णकन वाजलं असतं. माळवदावर पडलेल्या दाताचा आवाज येत नाही, हे तिला लग्न होऊन आल्यापासून ठाऊक होतं. तरी ती ऐकत राहिली.

"पडला बरोबर," दिव्या म्हणाली. "आला का आवाज?"

"आला," भाग्यश्री म्हणाली.