दोनच रकाने

हे लिहायला बसलो त्याबद्दल आधी माफी मागतो. आमच्या घरात माझ्याआधी कुणी दहावीच्या पुढे गेलं नाही, आणि मीही कॉमर्स शिकतो, साहित्य नाही. पण माफी मागण्याचं खरं कारण ते नाही. याआधी चार लोकांसमोर वाचला जाईल असा एकच कागद मी लिहिला होता. अक्षर चांगलं होतं, खाडाखोड नव्हती, बेरीज बरोबर होती. त्या कागदामुळे एका माणसाची जागा गेली. त्याच हाताने पुन्हा लिहावं का, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

आमची ख्रिस्ती मंडळी लहान आहे. मंगरूळपीरच्या एका टोकाला टिनाच्या छताचा हॉल, वीस-बावीस कुटुंबं, एक पाळकसाहेब. नाताळात दारावर तारा लावला की रस्त्याने जाणारे विचारतात, हे कधी झालं इथं? महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं. भाकरीचे तुकडे आणि द्राक्षरसाचे छोटे पेले ताटात ठेवतात आणि मंडळीचा कारभार बघणाऱ्या पंचांपैकी एक जण ते ताट सगळ्यांपुढे फिरवतो. मला कळायला लागल्यापासून ते ताट एकाच माणसाच्या हातात पाहिलं होतं. ते माझ्या शाळेचे शिपाई. शाळेत सगळी पोरं त्यांना मामा म्हणायची, म्हणून मंडळीतही ते मामाच. मेजावरचा पांढरा कपडा मामी घरी न्यायच्या आणि धुऊन, नीळ घालून, इस्त्री करून परत आणायच्या. या दोन कामांशिवाय त्या घराने मंडळीत कधी काही मागितलं नाही.

शाळेच्या स्टाफरूममध्ये एकदा एक पोरगा बँकेचे फॉर्म घेऊन आला होता. मास्तरांनी भरले, म्हणून मामांनीही भरला. महिन्याभरात क्रेडिट कार्ड घरी आलं. आमच्या मंडळीत पगारदार होते तेवढ्यांकडे दोन-तीन वर्षांत अशी कार्डं आली. दर महिन्याला किमान रक्कम भरायची आणि आपण कर्ज फेडतो आहोत असं समजायचं. बाकीवर व्याज चढत होतं, ते कुणी बोलत नव्हतं. उपदेशात कर्ज म्हणजे गुलामी असं ऐकायचं आणि घरी जाऊन पाकीट कपाटात दडवायचं.

मी बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाला होतो तेव्हा पाळकसाहेबांनी अकोल्याचे एक सर बोलावले. ते बँकेतून निवृत्त झालेले, आमच्यातलेच, मंडळ्यांमध्ये जाऊन कर्जमुक्तीचे वर्ग घ्यायचे. ईस्टरच्या आधीचे उपासाचे दिवस होते. सहा शनिवार वर्ग चालणार होता. सरांबद्दल मी वाईट लिहिणार नाही. किमान रकमेचं गणित त्यांनी फळ्यावर मांडलं तेव्हा दोन बाया रडल्या. बँकेला फोन करून हप्ते कसे पाडून घ्यायचे ते त्यांनी समोर बसून करून दाखवलं. दानाच्या स्टीलच्या ताटात प्रत्येकाने आपलं कार्ड कात्रीने कापून टाकलं. त्या वर्गामुळे दोन-तीन घरं खरोखर मोकळी झाली.

वर्गाची रीत अशी होती. आधी प्रार्थना. मग एकेकाने वर्षभराची बँकेची पानं सरांकडे द्यायची. सर एकेक खर्च मोठ्याने वाचणार, आणि तो खर्च कागदावरच्या दोनपैकी एका रकान्यात लिहायचा. एका रकान्यावर लिहिलेलं होतं गरज, दुसऱ्यावर चैन. चैनीत जे जाईल त्याबद्दल त्या माणसाने सगळ्यांपुढे उभं राहून पश्चात्ताप करायचा. जो करणार नाही, तो करेपर्यंत प्रभुभोजन घेणार नाही. हा शेवटचा नियम सरांचा नव्हता, आमच्या पाळकसाहेबांचा होता. लिहिण्याचं काम मला दिलं, कारण कॉलेजात जाणारा मी एकटाच होतो. आईला फार अभिमान वाटला.

आता मला माझ्या वडिलांबद्दल सांगावं लागेल. ते त्याआधीच्या जुलैमध्ये वारले. छातीत दुखायला लागलं म्हणून अकोल्याला एका खाजगी दवाखान्यात नेलं, चार दिवस राहिले आणि गेले. ते चारही दिवस मामा शाळेतून रजा टाकून आमच्यासोबत होते. बिल बरंच झालं होतं. ते भरल्याशिवाय वडिलांना सोडत नव्हते. मग दुपारनंतर मामा आले आणि आईला म्हणाले, "वहिनी, चाला. दवाखान्यानं माफ केलं." आम्ही निघालो. पाळकसाहेबांनी दवाखान्यात शब्द टाकला असेल असं आईने धरलं. दफनाच्या वेळी तिने तसं चारचौघांत म्हटलंही. पाळकसाहेबांनी डोळे मिटून देवाचे आभार मानले. मी काही केलं नाही, असं ते म्हणाले नाहीत.

चौथ्या शनिवारी मामांची पानं निघाली. किराणा, गरज. मुलीचं बाळंतपण, गरज. मग एक कूलर आला. सर म्हणाले, याला काय म्हणायचं? मागच्या बाकावर एसटीतून निवृत्त झालेले एक कंडक्टर काका बसायचे. ते म्हणाले, "कूलरले चैन म्हणणाऱ्याले मे महिन्यात इथंच टिनाखाली बसवा सर. आपोआप कबूल करते तो." सगळे हसले, सरही हसले. मी गरजेत लिहिलं.

पुढची नोंद सरांनी वाचली. "जुलै. मोबाईल शॉपी, अकोला. बावन्न हजार."

"बावन्न हजाराचा?" कंडक्टर काका म्हणाले. "मामा, तुमचा तर बटनाचा हाय. का आतून सोन्याचा हाय?"

"हाय तसाच हाय," मामा म्हणाले.

सरांनी हळूच विचारलं, "जावयांना घेतला का?"

"नाई."

जुलै आणि अकोला हे शब्द मी माझ्या हाताने शेजारी शेजारी लिहिले होते. माझ्या डोक्यात एकच गोष्ट आली. माझे वडील आत होते तेव्हा हा माणूस मोबाईलच्या दुकानात गेला होता. वडील गेल्यापासून कुणावर तरी रागवायचं राहिलं होतं. तो राग त्या क्षणी जागा सापडल्यासारखा बाहेर आला. मी सरांच्या आधी बोललो.

"मामा, तवा तर तुमी आमच्यासंगं दवाखान्यात होता."

"होतो."

"मंग दुकानात कवा गेले?"

"दुपारी गेलतो."

"कायले?"

मामांनी माझ्याकडे पाहिलं. मग माझ्या मागे, बायांच्या बाजूला, आई बसली होती तिकडे पाहिलं. मी तेव्हा वळून बघितलं नाही.

"लिहून टाक बापा."

"काय लिहू? गरज का चैन?"

"तुले काय वाटते ते लिही."

मी चैन लिहिलं. पेन इतका दाबून लिहिलं की खालच्या कोऱ्या कागदावरही तो शब्द उमटला.

सहाव्या शनिवारी पश्चात्तापाची पाळी होती. कुणी टीव्हीसाठी उभं राहिलं, कुणी लग्नातल्या साड्यांसाठी. कंडक्टर काका एका सोफा-कम-बेडसाठी उभे राहिले आणि बसताना म्हणाले की सोफा अजून नीट उघडतही नाही. मामा उभे राहिले. म्हणाले, "माह्या हातून चुका लय झाल्या. त्यायची माफी मांगतो. पण जुलैच्याची मांगणार नाई." आणि बसले. पाळकसाहेबांनी विचारलं, मग तो खर्च कशाचा ते तरी सांगा. मामा पुन्हा उठले नाहीत. पाळकसाहेबांनी माझ्याकडून कागद मागून घेतला, वाचला आणि घडी करून बायबलमध्ये ठेवला.

ईस्टरच्या रविवारी ताट कंडक्टर काकांच्या हातात होतं. मामी नेहमीसारखा कपडा इस्त्री करून घेऊन आल्या होत्या. दारातच कुणीतरी तो त्यांच्याकडून घेतला आणि पुढच्या वेळेपासून राहू द्या म्हणून सांगितलं. मामा शेवटच्या बाकावर बसले. ताट त्यांच्या बाकापाशी आलं आणि न थांबता पुढे गेलं. कंडक्टर काकांची मान खाली होती, ती मला आठवते. मला स्वतःला काय वाटलं तेही लिहिलं पाहिजे. मला बरं वाटलं.

मामा आणखी तीन महिने आले. ताट पुढे जाईपर्यंत बसायचे, शेवटचं गीत म्हणायचे आणि जायचे. मग यायचे थांबले. शाळेतून निवृत्त झाल्यावर ते मुलीकडे शेलूबाजारला राहायला गेले.

पुढच्या वर्षी आईच्या विधवा पेन्शनचा अर्ज भरायचा होता. त्यासाठी वडिलांचे दवाखान्याचे कागद लागले. ते एक्स-रेच्या मोठ्या पिशवीत, आमच्याच घरात, पेटीवर पडलेले होते. आईला वाचता येत नाही. मला येतं, पण ती पिशवी उघडायची माझी हिंमत झाली नव्हती. उघडली तर वरच पावती होती. रोख जमा, पन्नास हजार. रक्कम भरणाऱ्याचं नाव या जागी मामांचं पूर्ण नाव. खाली त्यांची सही, शाळेच्या दाखल्यांवर पोचपावती म्हणून करायचे तशीच.

दवाखान्यात रोख मागितली होती. मामांकडे फक्त कार्ड होतं. मोबाईलच्या दुकानात कार्ड घासून घेतात, आपलं कमिशन कापतात, बावन्न हजारांवर दोन हजार, आणि बाकीचे रोख देतात. हे मी कॉमर्सच्या वर्गात शिकलो नव्हतो, पण मंगरूळपीरच्या कोणत्याही चहाच्या टपरीवर मला ते कळलं असतं. ती पावती वर्गाच्या सहाही शनिवारी माझ्या उशापासून चार हातांवर होती.

मी जीपने शेलूबाजारला गेलो. मामा एका बी-बियाणांच्या दुकानात पोती मांडायचं काम करत होते. त्या कार्डाचे हप्ते अजून चालू होते. त्यांनी मला बाकड्यावर बसवलं, चहा मागवला.

"मामा, तुमी तवाच काहून नाई सांगितलं?"

"कोणाले सांगू? तुही माय तिथं बसेल होती."

"मले तरी सांगाचं."

"तुले सांगतलं असतं त तू दुसऱ्या दिवशी कॉलेज सोडून कुठं तरी कामाले लागला असता. मले मालूम नाई का तू?" ते थोडे हसले. "आन तू लिहून राह्यला होता. मंग म्या म्हटलं, लिहू दे."

मी पैशांचं काढलं. महिन्याला थोडे थोडे देतो म्हणालो. त्यांनी हात हलवला. "तुह्या बापाले आणलं त्याचे पैसे घेऊ का आता? म्या भरले असं बोललो असतो, त तुही माय आजलोक मले पाहून डोक्यावरचा पदर सावरत बसली असती. नाई पाहिजे मले ते."

मग मी विचारलं, तुम्हाला काय पाहिजे? ते बराच वेळ पोत्याच्या शिवणीवरून बोट फिरवत होते. म्हणाले, "पहिल्या रविवारी जाऊन बसावं वाटते. ताट हातात नाई मांगत मी. नुसतं माह्यापाशी थांबलं पाहिजे."

त्याच संध्याकाळी मी पावतीची झेरॉक्स घेऊन पाळकसाहेबांकडे गेलो. सगळं सांगितलं. त्यांनी पावती दोनदा वाचली. मला वाटलं ते उठून माझ्यासोबत शेलूबाजारला येतील. ते म्हणाले, "तू म्हणतोस ते खरं असेल. पण कागद तुझ्याच अक्षरातला आहे. त्यावर चैन लिहिलेलं आहे आणि त्यांनी तेव्हा नाकारलं नाही. पंचांच्या सभेपुढे ठेवावं लागेल."

मी म्हणालो, कागद मी चुकीचा लिहिला, तो मीच दुरुस्त करतो. त्यासाठी तिसरा रकाना काढावा लागेल. ते म्हणाले, "तसा नमुना नाही."

मी सभेला अर्ज लिहिला. सगळा प्रकार लिहिला, पावती जोडली, खाली सही केली. दवाखान्याने बिल माफ केलेलं नव्हतं, हेही लिहिलं. सभा एकदा पुढे गेली, मग दुसऱ्यांदा. आईला मी सगळं सांगितलं होतं; तिने पाळकसाहेबांना नमस्कार करणं बंद केलं, पण हॉलमध्ये जाणं तिला बंद करता आलं नाही. दुसरीकडे जायचं कुठे?

मी आता शेवटच्या वर्षाला आहे आणि वाशीमला खोली करून राहतो. परवा दुपारी आईचा फोन आला. मंडळीच्या ग्रुपवर काहीतरी मामांबद्दल आलं आहे, शेजारची सांगत होती, तू वाच म्हणाली. मी ग्रुप उघडला. सभेचा निर्णय होता, पाळकसाहेबांच्या नावाने.

मी आईला वाचून दाखवलं. आमच्या मंडळीचे माजी पंच यांनी केलेल्या चैनीच्या खर्चाबद्दल मंडळीने त्यांना मोठ्या मनाने क्षमा केली आहे. पुढच्या पहिल्या रविवारपासून ते प्रभुभोजन घेऊ शकतात. त्याखाली चौदा जणांनी आमेन लिहिलं होतं.

 आई म्हणाली, पुन्हा वाच. मी पुन्हा वाचलं.