फाशाला सेवाज्येष्ठता कळत नाही

माझ्या धाकट्या दिराचा पाय मोडला नसता, तर आमच्या सासूबाई मनातून दरोडेखोर आहेत हे मला कधीच कळलं नसतं.

ऐंशीच्या दशकातली सुरुवातीची वर्षं. लग्न होऊन मला वर्षही झालं नव्हतं. सिंदी मेघेला आमचं तीन खोल्यांचं घर होतं. नवरा नोकरीपायी चंद्रपूरकडे असायचा, त्यामुळे घरात मी, सासूबाई आणि मामाजी, म्हणजे माझे सासरे. मामाजी सरकारी कचेरीतून बडे बाबू म्हणून नुकतेच निवृत्त झाले होते आणि कायदा सांगायला माणूस शोधत घरभर फिरायचे. अशात दीर नागपूरला मित्राच्या मोटरसायकलवरून पडला आणि मांडीपर्यंत प्लास्टर घालून घरी आला.

मे महिन्यातल्या दुपारी आम्ही सगळे कूलरच्या खोलीत पडून असायचो. कूलर असा घरघरायचा की साधं बोलायचं तरी ओरडावं लागे. तिसऱ्या-चौथ्या दिवशी कंटाळून दीर म्हणाला, "वहिनी, लुडोचा फासा आहे का घरात? हॉस्टेलवरचा एक खेळ शिकवतो."

त्याच्या हॉस्टेलवरच्या एका मुलाच्या भावाने तो खेळ अमेरिकेहून पाठवला होता. त्याला पट नाही, सोंगट्या नाहीत. एकाने गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी गोष्टीतली माणसं व्हायचं. जंगलात वाघ आला की आपण काय करणार ते सांगायचं आणि फासा टाकायचा. पाच-सहा पडले तर फत्ते, एक पडला तर फजिती, मधलं काही पडलं तर काम होणार, पण थोडं अंगावर येऊन.

"कोण व्हायचं ते आपल्या मनाचं," दीर म्हणाला.

मी वैद्यीण झाले. मामाजी खूप विचार करून म्हणाले, "मी राजाचा बडा बाबू." सासूबाई कुरड्यांचं कापड झटकत होत्या. त्या वळूनही न पाहता म्हणाल्या, "मी दरोडेखोर."

पहिल्याच दुपारी सासूबाईंनी दोन वाडे लुटले. फासा त्यांच्या हातून सुटला की पाच नाही तर सहा. मामाजी मात्र राजाचा खलिता घेऊन निघाले आणि एक्का पडून विहिरीत गेले. विहिरीतून वर येताना पुन्हा एक्का. तिसऱ्या दिवशीही ते विहिरीतच होते.

"हा फासा खोटा आहे," त्यांनी जाहीर केलं. मग कुणाकडून तरी ऐकलेली परीक्षा घेतली. पेलाभर पाण्यात मीठ कालवायचं, फासा सोडायचा, तो तरंगला की जड बाजू खाली जाते. मामाजी पेल्यावर वाकून बसले. फासा सरळ तळाशी गेला.

"पुरावा अपुरा," ते म्हणाले.

"मिठाचा डबा रिकामा केला," सासूबाई म्हणाल्या. "दान पडलं ते पडलं. फाशाले काऊन बोलता?"

मामाजी वर्ध्याच्या बाजारातून नवा फासा घेऊन आले. त्याचंही पहिलं दान एक्काच.

तेव्हा त्यांनी नियमांना हात घातला. "छत्तीस वर्षं नोकरी केलेला माणूस अन् कालची पोरगी, दोघायले एकच फासा? हा कोणता न्याय? अनुभवाचे दोन गुण मिळाले पाहिजेत. मले तीन पडले तं पाच धरा."

दीर म्हणाला, "अमेरिकेतही असंच काहीतरी आहे, बाबूजी. द्यायला हरकत नाही."

"मंग मले बी द्या," सासूबाई म्हणाल्या. "तुमी नोकरी करत होते तवा मी काय झोपा काढून राह्यली होती?"

त्यांना दोन मिळाले. मी वैद्यीण, तर औषधाच्या बाबतीत मलाही दोन मिळाले. दुसऱ्या दिवशी मामाजींनी दिवसा एक जादा, उत्तरेकडे तोंड असेल तर आणखी एक, अशी कलमं जोडली. शेवटी असं झालं की काहीही पडलं तरी आम्ही जिंकायचो. वाघ यायचा आणि लगेच मरायचा. वाडे आपोआप लुटले जायचे. एका दुपारी राक्षसाशी लढता लढता मामाजी चक्क घोरायला लागले.

सासूबाईंनी फासा खाली ठेवला. "हारायचं भेवच नाई तं खेळायचं काऊन? यापरीस कुरड्या वाळवलेल्या बऱ्या."

सगळी कलमं रद्द झाली. आश्चर्य म्हणजे त्यानंतर मामाजींचं नशीब सुधारलं. एक्के पडतच होते, पण जनावरं त्यांना सोडून द्यायची. वाघाने झडप घातली ती हुकली. साप शेजारून निघून गेला. सकाळी फिरायला जाताना सोबतच्या म्हाताऱ्यांना ते वाघाची हकीकत सांगायचे, असं मला शेजारणीकडून कळलं.

जनावरांचा फासा दीर टाकायचा, तोही सुपाआड; मोठं दान पडलं की जनावर धरणार, लहान पडलं की सोडणार. गोष्ट सांगणाऱ्याचं दान कुणी पाहायचं नसतं, असा नियम होता.

एका दुपारी मामाजींना नदी ओलांडायची होती. "धाम नदी समजा. पाण्यात मगर आहे," दीर म्हणाला.

"धामेत मगर कुठून आली?"

"गोष्टीतली धाम आहे, बाबूजी."

तेवढ्यात कूलरमधलं पाणी संपलं. मामाजी बादली घेऊन उठले आणि पाणी ओतायला दिराच्या मागे जाऊन उभे राहिले. इकडे दिराने सुपाआड फासा टाकला आणि म्हणाला, "दोन. मगर झोपली आहे."

"सहा आहेत ते," मागून आवाज आला.

दिराने फाशावर सूप झाकलं. फार उशीर झाला होता.

"कधीपासून चालू आहे हे?"

"कलमं रद्द केली तेव्हापासून."

"म्हणजे तो वाघ?"

"वाघसुद्धा."

"अन् साप?"

"सापाचा तर मी फासाच टाकला नव्हता, बाबूजी."

मामाजींनी बादली खाली ठेवली. इतका पडलेला चेहरा मी त्यांच्या निवृत्तीच्या समारंभातही पाहिला नव्हता. "मी वडील आहे तुझा, पण मगरीले काय माहीत? तू मले दया दाखवून राह्यला?"

सासूबाई म्हणाल्या, "आता काऊन रागावता? अनुभवाचे दोन गुण तं तुमीच मागत होते."

"ते सर्वांसमोर मागून घेतले होते. रद्द झाले, मी गप बसलो. हे मले न सांगता दिले." मग ते येऊन मांडी घालून बसले. "सहा पडले ना? मगरीनं धरलं. आता मी सुटून राह्यलो. टाकतो फासा."

त्यांनी फासा टाकला. एक्का.

दिराने चाचरत सांगितलं की बडे बाबू नदीत बुडाले, खलिता वाहून गेला.

"घरंगळला तो फासा!" सासूबाई एकदम म्हणाल्या. "चटईच्या काठाले लागला. तो धरू नका. परत टाका."

"दान पडलं ते पडलं," मामाजी म्हणाले.

"भर दुपारी असं वंगाळ बोलते का कोणी?" त्यांचे डोळे खरंच भरून आले होते. त्या तरातरा स्वयंपाकघरात गेल्या, गूळ-पाणी घेऊन आल्या आणि समोर उभं राहून ते त्यांना प्यायला लावलं. दिराशी त्या रात्रीच्या जेवणापर्यंत बोलल्या नाहीत. मामाजी मात्र खूश होते. घरातला एकुलता एक रीतसर मेलेला माणूस म्हणून ते संध्याकाळभर अंगणात ताठ मानेने फेऱ्या मारत राहिले.

दुसऱ्या दिवशी दिराने सूप परत केलं आणि सगळे फासे चटईवर उघडे पडायला लागले. मामाजींना नवा माणूस निवडायचा होता. ते थोडे घुटमळले. मग सासूबाईंकडे पाहून म्हणाले, "तुमच्या टोळीत एखादी जागा रिकामी आहे का?"

सासूबाईंनी त्यांना खालून वर न्याहाळलं. "घोड्यायले चारापाणी करजो," त्या म्हणाल्या. "काम पाहून पुढं ठरवू."

प्लास्टर निघून दीर नागपूरला गेला, तरी पोळ्यापर्यंत आमचा खेळ चालू होता. गोष्ट मी सांगायचे. मामाजी बढती न मागता घोडे सांभाळायचे. त्यांना पहिले सहा पडले ते किल्ल्याचा दरवाजा ढकलताना. मी सांगितलं की दरवाजा उघडाच होता, तरी त्यांनी सासूबाईंना हाक मारून तो फासा दाखवला आणि चहा पिऊन होईपर्यंत कुणाला उचलू दिला नाही.