ताईच्या पुस्तिकेतलं सातवं पान

ताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी रेवसच्या धक्क्यावर लाँचची वाट बघत उभा होतो. शेजारच्या काकूंचा आवाज होता. "दुपारी जेवून आडवी झाली ती उठलीच न्हाय रे..." अशा वेळी माणसाला रडू यायला हवं. मला आधी भीती वाटली, ती तिच्या टेबलावरच्या कागदांची. दीड महिना झाला, ती भीती गेलेली नाही, म्हणून हे लिहितो आहे.

ताई माझ्याहून चार वर्षांनी मोठी. वडील मिठागरात राबायचे. त्यांनी तिला एकोणिसाव्या वर्षी श्रीवर्धनला दिली. नवरा वारल्यावर ती गावी परतली आणि बालवाडीत शिकवू लागली. साठीला आली तेव्हा अलिबागला बायकांचं दोन दिवसांचं शिबिर झालं. स्वतःची गोष्ट चित्रांच्या चौकटींत सांगायची आणि स्वतःच छापायची, एवढं तिथे ऐकून आली आणि जी सुटली! चौकटी पट्टीने आखायची, माणसं मात्र बटाट्यासारखी काढायची. मी चिडवायचो, "यात मी कुठला नि बैल कुठला?" ती म्हणायची, "बैलाला शिंगं हायेत."

पुस्तिका आठ पानांची. दोन कागद पाठपोट झेरॉक्स करायचे, मधे दुमडायचे, टाचायचे. दुमडल्यावर कुठलं पान कुठे जातं, हे गणित नवख्या माणसाला हमखास चकवतं. पानांना आकडे घालायचं ती विसरली होती. नमुना माझ्या हातात देऊन म्हणाली, "तू बघ. काय चुकलं असंल तं सांग."

चुकलं होतं. दुसरं आणि सातवं पान एकमेकांच्या जागी गेलं होतं. दोन्हींवर एसटी, पिशवी, ताई आणि मी; एकावर ती एसटीतून उतरते, दुसऱ्यावर चढते. शब्द एकही नाही. खरी गोष्ट अशी, की दुसऱ्या पानावर मी तिला भाऊबिजेला माहेरी आणतो. मधल्या चार पानांत सासरचा मार आहे, जो तिने त्या दिवाळीत दंडावरचे वळ दाखवून मला सांगितला होता. आणि सातव्या पानावर मी तिला परत त्या एसटीत चढवतो. "होईल सगळं ठीक," असं म्हणालो होतो मी तेव्हा. आठव्यावर नुसतं बंद दार.

पानं उलटसुलट झाल्यावर मात्र मी बहिणीला आधी सासरी पोचवणारा आणि शेवटी सोडवून आणणारा भाऊ झालो होतो. मला ते पाहताक्षणी कळलं. मी म्हणालो, "छान झालंय, ताई."

तिने चाळीस प्रती काढून गावात वाटल्या. आमच्या ओट्यावर बसून बायका म्हणाल्या, "भाऊ असावा तं असा." ताई शेजारीच बसली होती. तेव्हापासून ती दारात दिसली, की मला वाटायचं, आज बोलेल, उद्या बोलेल. ती फक्त चहा मागायची.

तेराव्यानंतर टेबल आवरायला बसलो. मूळ कागद सापडले. तिने दोन्ही पानं कापून, योग्य जागी चिकटवून, खाली पेन्सिलीने आकडे घातले होते. तिला कधी कळलं? कळल्यावर पुन्हा छापलं का नाही? मला सांभाळून घेतलं, की मी बोलेन म्हणून वाट बघत होती? विचारायला आता कोणी नाही. ते कागद फाडायला माझा हात गेला होता, हेही सांगून टाकतो.

फाडले नाहीत. अलिबागला नेऊन प्रती काढल्या. पहिली माझ्या मुलीला, प्राचीला दिली. तिचं लग्न पुढच्या महिन्यात आहे. ती ताईच्या खुर्चीत बसून वाचत होती आणि मी दाराशी उभा होतो, परीक्षेचा निकाल लागायचा असावा तसा. सातव्या पानावर ती थांबली.

"बाबा, मी अशी आले तर?"

"तुला नाही पाठवणार," मी म्हणालो.

ती उठली आणि पुस्तिका तिने सासरी न्यायच्या बॅगेत, साड्यांच्या खाली ठेवली.