नालीतलं लाल पाणी बंद झालं तेव्हा

मे महिन्यातली गोष्ट. सावली तालुक्यातल्या एका गावात आमचा फिल्टर पंचायतीला दाखवायचा होता... सकाळच्या एसटीने चंद्रपूरहून पोचले तेव्हा पंप सुरूही झाला होता.

मी एका इंजिनिअरिंग कॉलेजच्या लॅबमध्ये काम करते. या गावात बायकांचा एक गट कोसा, म्हणजे टसर रेशमाचे कोष, उकळतो, त्याचा धागा काढतो आणि रंगवतो. उकळायला सोडा लागतो, रंगवायला रंग आणि मीठ... आणि काम झालं की हे सगळं पाणी नालीत जायचं.

नाली जिथे संपते तिथे मारोतीभाऊंची बोडी आहे, म्हणजे शेतातलं छोटं तळं. त्यात ते मासे पाळतात. एकदा बोडीचं पाणी लाल झालं. मासे मेले नाहीत, पण गावात ते घ्यायलाच कुणी तयार होईना... "रंगातले मासे" असं नाव पडलं ते पडलंच.

मारोतीभाऊंनी पंचायतीत तक्रार केली. पंचायतीने गटाला सांगितलं की पावसाळ्याच्या आत पाण्याचं काहीतरी करा, नाहीतर काम बंद ठेवा. गटाच्या प्रमुख रत्नमालाबाई आणि मारोतीभाऊ एकाच मोहल्ल्यातले... तेव्हापासून दोघांचं बोलणं थांबलं.

रत्नमालाबाई कुणाच्या तरी ओळखीने आमच्या कॉलेजात आल्या आणि आम्ही तिथे सिरॅमिक मेम्ब्रेन बसवायचं ठरवलं. दिसायला साधी पांढरी नळी, भट्टीत भाजलेली. आधी तुरटी टाकून रंगाचा गाळ करायचा, मग ते पाणी जोराने नळीत सोडायचं... पाणी नळीच्या अंगातून पाझरून बाहेर येतं, गाळ आत राहतो. सोड्याचं गरम पाणीही ती सहन करते, म्हणून ती निवडली.

एक गोष्ट मात्र मी रत्नमालाबाईंना पहिल्याच भेटीत सांगितली होती. रंग अडकेल, पण पाण्यात विरघळलेलं मीठ आणि सोडा यातून आरपार जाईल. त्यांनी ते दोनदा विचारून समजून घेतलं होतं.

तर त्या दिवशी सगळं ठरल्याप्रमाणे झालं. एका बाजूने गडद लाल पाणी आत गेलं आणि दुसऱ्या बाजूच्या बारीक पाइपमधून काचेसारखं पाणी आलं. सरपंचबाईंनी ग्लास उन्हात धरून पाहिला, लोकांनी मोबाइलवर फोटो काढले... गटातल्या बायका एकमेकींकडे बघून हसत होत्या. इतक्या महिन्यांनी त्यांना मोकळं हसताना मी पहिल्यांदाच पाहत होते.

मारोतीभाऊ मागे उभे होते. पुढे आले, ग्लास हातात घेतला, वास घेतला आणि परत ठेवून दिला. मग माझ्याकडे बघून म्हणाले,

"मॅडम, पयले पानी लाल दिसे. लाल दिसलं का मी नालीच्या तोंडाले माती टाकून बोडीत जाऊ देत नोतो. आता हे असं साफच येईन... त मले समजन कसं, याच्यात काई आहे का नाई?"

आवाजात राग नव्हता. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. उत्तर मला माहीत होतं, पण त्या उत्तराने काय होईल तेही दिसत होतं. पंचायतीची माणसं समोर बसलेली... आणि हे काम बंद झालं तर या बायकांना गावात दुसरं काम नाही. शब्द जुळवत मी तोंड उघडलं, तेवढ्यात रत्नमालाबाईच बोलल्या.

"नाई समजनार, भाऊ. मीठ अन् सोडा रायतेच त्याच्यात. मॅडमनं मले पयलेच सांगतलं होतं."

 

मग त्या सरपंचबाईंकडे वळल्या आणि म्हणाल्या की आम्ही हे पाणी नालीत सोडतच नाही, आमच्याच गंजात, म्हणजे रंगाच्या पातेल्यात, परत घेतो. तसंही रंगवताना आम्ही मीठ टाकतोच. मला विचारलं, चालेल का? मी म्हटलं, चालायला हवं, पण करून बघावं लागेल.

पंचायतीने दिवाळीपर्यंत वेळ दिला.

त्या पाण्यात रंगवलेल्या धाग्याच्या पहिल्या लड्या फिक्या निघाल्या. एका बाईने रागाने माझ्यासमोरच आपटल्या... मलाही वाईट वाटलं. मग शेवटची धुलाई विहिरीच्या ताज्या पाण्यात करायची आणि मीठ मोजूनच टाकायचं असं ठरलं. त्यानंतर रंग नीट बसायला लागला. नळीत उरलेलं गाळाचं घट्ट पाणी सिमेंटच्या उथळ टाक्यात वाळवतात, पावसात वर पत्रे टाकतात. कटकटीचं काम आहे, पण करतात.

पाऊस सुरू व्हायच्या आधीच मारोतीभाऊंनी नाली बुजवायला घेतली. मी तेव्हा तिथेच होते. थोड्या वेळाने गटातल्या दोघीजणी फावडी घेऊन गेल्या... आणि त्यांच्या मागून रत्नमालाबाई. फार बोलणं झालं नाही. नाली कुठपर्यंत भरायची, एवढंच काय ते.

यंदा मारोतीभाऊंनी बोडीत पुन्हा माशांचं बीज सोडलंय. गावातले लोक ते मासे घेतील का, कुणालाच सांगता येत नाही.

त्या दिवशी माझं उत्तर कदाचित गोलमोल झालं असतं. रत्नमालाबाईंना गप्प राहणं सर्वात सोयीचं होतं, आणि त्या राहिल्या नाहीत... हे मी त्यांना समोर कधी म्हटलं नाही, म्हणून इथे लिहिते. आभार, बाई.